कडेवरचा कस : घड्याळाच्या सूक्ष्म भागांवरील हातकामाचे विवेचन

यांत्रिक घड्याळाचा एखादा भाग यंत्रावर कापून झाला, मापात बसला, म्हणजे तो पुरा झाला असे होत नाही. कापणाऱ्या हत्याराचे ओरखडे त्याच्या अंगावर असतात, कडांना बर (कापताना उरलेली खरबरीत धार) आलेला असतो, छिद्रांच्या तोंडाशी धातूची बारीक किनार उचललेली असते. या अवस्थेपासून घड्याळात बसवण्याच्या अवस्थेपर्यंत त्या भागावर जे काम होते त्याला फिनिशिंग म्हणतात. इथे विचार करायचा आहे तो हाताने होणाऱ्या फिनिशिंगचा, आणि तोही मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराच्या व ज्यूरा डोंगरांतल्या व्हॅले द जू या खोऱ्याच्या परंपरेचा. या कामाचे नियम, हत्यारे आणि कसोट्या तिथे जितक्या नेमकेपणाने घडल्या तितक्या क्वचितच दुसरीकडे घडल्या असतील.

या कामाची स्तुती बहुधा चकाकीवरून होते. पण चकाकी स्वस्तात मिळते. मुलामा देऊन, ड्रममध्ये भाग घोळवून, हिऱ्याच्या टोकाचे कटर फिरवून शेकडो भाग झटपट चकचकीत करता येतात. हाताच्या कामाचे खरे वैशिष्ट्य दोन पृष्ठे जिथे एकमेकांना मिळतात त्या रेषेत आहे. एक पृष्ठ नेमके कुठे संपते, दुसरे कुठे सुरू होते, ती रेषा किती तीक्ष्ण आणि किती अखंड आहे, यावर कारागिराचा कस लागतो. पुढचे विवेचन या एका विधानाच्या समर्थनासाठी आहे.

एक ब्रिज, अनेक पृष्ठे

चक्रांच्या आसांना वरून धरून ठेवणाऱ्या धातूच्या तुकड्याला ब्रिज म्हणतात. तो पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा असतो, जाडी एक-दोन मिलिमीटरच्या आसपास. साध्या नजरेला तो एक तुकडा दिसतो. फिनिशिंग करणाऱ्याला त्यात निदान पाच प्रकारची पृष्ठे दिसतात. वरची सपाट बाजू. तिच्याशी काटकोनात उतरणारी उभी बाजू. या दोहोंमधली धार कापून केलेली तिरपी कड. माणकाचे बेअरिंग आणि स्क्रू बसतात ती वाटीसारखी खोलगट तोंडे. आणि खालची बाजू, जी घड्याळ बंद झाल्यावर कोणालाच दिसत नाही.

या प्रत्येक पृष्ठाला वेगळे रूप देतात. वरच्या बाजूवर पट्टे. उभ्या बाजूवर प्लेटेला (ब्रिज जिच्यावर बसतो त्या तळपट्टीला) समांतर जाणाऱ्या बारीक, सरळ रेषा. तिरप्या कडेला आरशासारखे पॉलिश. खोलगट तोंडांनाही आरशाचेच पॉलिश. खालच्या बाजूवर एकमेकांवर चढलेली बारीक वर्तुळे. रूपे वेगवेगळी ठेवण्यामागे स्पष्ट कारण आहे. शेजारशेजारच्या दोन पृष्ठांवर प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परावर्तित झाला तरच त्यांच्यामधली सीमा डोळ्याला दिसते. पट्ट्यांची बाजू आणि रेषांची बाजू यांच्यामधून पॉलिश केलेली कड एखाद्या उजळ तारेसारखी जाते, ती या विरोधामुळे. सगळेच चकचकीत केले तर आकार विरघळून जातो.

म्हणून कामातली मुख्य अडचण एकेक पृष्ठ साधण्याची नाही. एका पृष्ठावर काम करताना शेजारच्याला धक्का न लावण्याची आहे. उभ्या बाजूवर रेषा ओढताना हात जरा वर गेला की तिरप्या कडेवर ओरखडा येतो. कड पॉलिश करताना काठी जरा कलली की तिच्या दोन्ही धारा गोल होतात. अशी गोलाई एकदा आली की ती पुसता येत नाही. धातू काढूनच मागे जावे लागते, आणि काढण्याजोगा धातू फारसा नसतो.

कामासाठीचे फिनिशिंग

इथे एक भेद पक्का करून घेतला पाहिजे, कारण जाहिरातींत तो नेहमी पुसला जातो. काही फिनिशिंगशिवाय घड्याळ नीट चालत नाही. काही फिनिशिंग नसले तरी वेळेत काहीच फरक पडत नाही.

पहिल्या गटात सर्वांत वर येतात ते पिव्हट, म्हणजे चक्रांच्या आसांची टोके. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची चाल ठरवणाऱ्या चक्राच्या, आसाचा पिव्हट ०.१ मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. तासाला १८,००० ठोके देणाऱ्या घड्याळात दिवसाला ४,३२,००० ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्याला तो पिव्हट माणकाच्या छिद्रात एका बाजूला फिरतो, थांबतो, उलट फिरतो. त्याच्या पृष्ठावर खडबड असेल तर घर्षण वाढते, बॅलन्सचा झोका लहान होतो आणि घड्याळ उभे धरले की एक वेळ, आडवे ठेवले की दुसरी वेळ दाखवू लागते.

पिव्हटवर नुसते घासकाम पुरत नाही. त्याला ओप द्यावा लागतो. आपल्याकडे सोनार ओपणी वापरतात, त्याच तत्त्वावर घड्याळजीची कठीण धातूची चपटी ओपणी चालते. ती धातू काढत नाही, पृष्ठावरचे उंचवटे दाबून सपाट करते. दाबामुळे पोलादाची वरची कातडी आणखी कठीणही होते. जॅको नावाच्या छोट्या हातलेथवर पिव्हट एका खोबणीत टेकवतात, चक्र हाताने मागेपुढे फिरवतात आणि वरून ओपणी चालवतात. खोबणीची खोली ठरलेली असते, त्यामुळे पिव्हट किती बारीक होणार यावर मर्यादा राहते. आज मोठ्या कारखान्यांत हे काम यंत्रे करतात आणि उत्तम करतात. पिव्हटच्या बाबतीत हाताचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र त्याला अजून पर्याय नाही.

पिनियनच्या, म्हणजे आसावरच्या लहान दातेरी चक्राच्या, दातांची तोंडे, एकेका ठोक्याला थोडे पुढे सरकणाऱ्या एस्केप व्हीलच्या दातांची अडवणारी पृष्ठे, माणकाच्या छिद्राची आतली भिंत हीसुद्धा याच गटातली. आणि कडेवरचा बर काढणे हेही. बराचा एक कण सुटून चक्रांच्या दातांत गेला तर घड्याळ थांबू शकते. तिरप्या कडेचा उगम या साध्या गरजेत आहे: बर काढायचा तर धार मारावी लागते. पण धार मारण्यासाठी फार तर एखादे मिनिट लागते. त्या कडेला आरशाचे रूप देण्यात पुढचे जे तास जातात त्यांचे समर्थन वेळेच्या अचूकतेने होऊ शकत नाही, आणि करूही नये.

तिरपी कड

धंद्यात या कामाला अँग्लाज म्हणतात. वरची बाजू आणि उभी बाजू यांच्यामधली धार साधारण ४५ अंशांनी कापायची, रुंदी सगळीकडे सारखी ठेवायची आणि मग ती पॉलिश करायची. रुंदी मिलिमीटरच्या काही दशांशांपुरती असते. डोळ्याला भिंग लावून, भाग हातात किंवा लहान शिकंज्यात धरून, आधी बारीक कानशीने कड पाडतात. मग कानशीचे ओरखडे दगडाने किंवा लाकडी पट्टीला लावलेल्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने बारीक करत जातात. प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुरते निघाले आहेत का हे पाहावे लागते. एक खोल ओरखडा मागे राहिला तर तो शेवटच्या पॉलिशमध्ये आणखी ठळक दिसतो.

शेवटचे पॉलिश लाकडाने होते, आणि ते लाकूड जेन्शन या रानवनस्पतीच्या वाळलेल्या दांड्याचे असते. पिवळ्या फुलांची ही वनस्पती ज्यूराच्या कुरणांत उगवते. तिच्या मुळांपासून तिथे कडू मद्य काढतात आणि दांडे घड्याळजी वाळवून ठेवतात. दांड्याच्या टोकाला चाकूने हवा तो आकार देतात आणि त्यावर घासणी पावडरीचा लेप लावतात. हे लाकूड चालते याचे कारण मऊ आणि कठीण यांच्या नात्यात आहे. घासणीचे कण दोन पदार्थांच्या मध्ये आले की ते मऊ पदार्थात रुतून बसतात आणि कठीण पदार्थाला कापतात. जेन्शनचे लाकूड मऊ, एकसारखे आणि बारीक छिद्रांचे आहे. ते कण धरून ठेवते, कडेचा आकार स्वतः घेते आणि कण फार खोल जाऊ देत नाही. कठीण लाकडाची काठी घेतली तर तीच कड ओरखडेल.

सरळ कड हे या कामातले सोपे प्रकरण. बाहेर येणारा कोपरा त्याहून अवघड, कारण दोन तिरप्या कडा तिथे एका रेषेत मिळाल्या पाहिजेत आणि पॉलिश करताना ती रेषा गोल होऊ देता कामा नये. सर्वांत अवघड आहे तो आत वळणारा कोपरा. दोन कडा आतल्या बाजूला मिळतात आणि त्यांची संधिरेषा दरीच्या तळासारखी तीक्ष्ण हवी असते. इथे यंत्राची अडचण मूलभूत आहे. फिरणाऱ्या कटरला काही ना काही त्रिज्या असतेच. तो आतल्या कोपऱ्यात शिरला की स्वतःच्या त्रिज्येएवढी गोलाई मागे ठेवतो. कटर कितीही बारीक केला तरी ही गोलाई लहान होते, शून्य होत नाही. विद्युत ठिणगीने कापणाऱ्या तारेलाही जाडी असते. म्हणून कोपऱ्याचा शेवटचा अंश कोरणीने आणि पातळ धारेच्या कानशीने हातानेच कापावा लागतो. नंतर टोक काढलेल्या जेन्शनच्या काठीने एक कड तिच्या दिशेने, दुसरी कड तिच्या दिशेने, संधिरेषेपर्यंत आणि तिच्या पलीकडे न जाता पॉलिश करावी लागते.

आतल्या कोपऱ्याला या क्षेत्रात जे मानाचे स्थान आहे त्याचे कारण हे. तो दागिना म्हणून विशेष सुंदर असतो असे नाही. तो पुरावा आहे. बाकीच्या फिनिशिंगबद्दल कारखान्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आतला तीक्ष्ण कोपरा मात्र आपले उत्पत्तिस्थान स्वतः सांगतो. अनेक घड्याळांचे ब्रिज मुळात अशा रेखाटनाचे असतात की त्यांत आतला कोपरा येतच नाही, सगळीकडे सौम्य वळणे असतात. वळणे दिसायला मोहक असतात आणि यंत्राला सोयीचीही असतात. उलट फिलिप ड्यूफूर यांच्यासारखा घड्याळकार ब्रिजच्या आराखड्यातच आतले कोपरे आणि बाहेर आलेली टोके मुद्दाम ठेवतो, तेव्हा तो स्वतःच्या हाताची परीक्षा स्वतःच मांडत असतो.

कडेच्या आकाराबद्दल एक मतभेद आहे. काहीजण ती सपाट ठेवतात, काहीजण किंचित फुगीर. सपाट कडेवर प्रकाश एकदम लागतो आणि एकदम जातो. फुगीर कडेवर प्रकाशाची रेघ भाग हलेल तशी सरकत राहते. फुगीर कड मला अधिक अवघड आणि अधिक श्रेष्ठ वाटते. सपाटीला टेकवायला पृष्ठ असते, हाताला आधार असतो. फुगवटा सगळ्या लांबीभर सारखा ठेवायला फक्त हाताची स्मृती उपयोगी पडते.

काळे पॉलिश

आता पोलादाच्या भागांकडे वळू. बॅलन्सच्या वरचे छोटे झाकण, ठोक्याच्या घड्याळातला हातोडा, स्क्रूंची डोकी, नियंत्रकाचा काटा हे भाग पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादाचे असतात, आणि त्यांच्यावर फिनिशिंगमधला सर्वांत कठोर प्रकार करतात, ज्याला काळे पॉलिश म्हणतात.

काळेपणा रंगाचा नाही, भूमितीचा आहे. पृष्ठावरचे उंचसखल जर दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण आठव्या हिश्शाहून कमी राहिले, तर प्रकाश विखुरत नाही, तो एकाच दिशेने परततो. ही मर्यादा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान आहे. त्यातच पृष्ठ सगळीकडे सपाट असेल तर सगळे पृष्ठ एकदम एकाच दिशेने परावर्तन करते. डोळा त्या दिशेत असला तर भाग शुभ्र दिसतो. जरा हलला की सगळा भाग एका क्षणात काळा होतो. नुसत्या गुळगुळीत पृष्ठाला हे जमत नाही. कापडाच्या चाकावर धरून चकचकीत केलेला भाग आरशासारखा दिसतो, पण तो हलवला की त्यावरून प्रकाश लाटेसारखा जातो, कारण पृष्ठ गुळगुळीत असूनही सपाट राहिलेले नसते. कापडाच्या चाकाने कडाही खचतात. काळ्या पॉलिशमध्ये भाग धारेपर्यंत काळा होतो आणि धारेवर एकदम संपतो. म्हणजे इथेही निर्णय सीमेवरच लागतो.

प्रक्रिया वर्णन करायला साधी आहे. कथलाची किंवा जस्ताची पाटी कानशीने अगदी सपाट करतात. तिच्यावर डायमंटिन नावाची ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पावडर तेलात कालवून, अगदी थोडी, पसरतात. भाग लाखेने एका धारकाला चिकटवतात; सपाटी राखण्यासाठी धारकाला तीन पाय असतात, त्यांतला एक पाय म्हणजे तो भागच. मग हलक्या दाबाने गोल गोल किंवा आठाच्या आकड्यासारखे फिरवत राहायचे. कथील पोलादापेक्षा मऊ, म्हणून कण कथलात रुततात आणि पोलादाला कापतात. तत्त्व जेन्शनच्या काठीचेच. कापता कापता कण फुटून आणखी बारीक होतात, लेप काळवंडतो, हाताला ओढ जाणवू लागते. नेमक्या कोणत्या क्षणी थांबायचे हे सांगून शिकवता येत नाही. लवकर थांबले तर पृष्ठ राखाडी राहते, उशिरा थांबले तर कोरड्या पडलेल्या पाटीवर भाग पुन्हा ओरखडतो. बाहेरचा धुळीचा एक कण आला तरी पहिल्यापासून सुरुवात. भाग पुसण्यासाठी कापड चालत नाही, कापडानेही बारीक रेघा उठतात. म्हणून तो एल्डर झाडाच्या भेंडात दाबून स्वच्छ करतात.

या कामाला आणखी एक बाजू आहे, जी क्वचितच सांगितली जाते. घासणे म्हणजे धातू काढणे. घड्याळाच्या भागांत मोकळीक फार थोडी असते. चक्राच्या आसाला वरखाली हलायला साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर जागा ठेवतात. तरफेचे टोक किंवा स्प्रिंगचे पाते पॉलिशच्या नादात बारीक झाले तर त्याचा दाब बदलतो, वेळ चुकते. त्यामुळे चांगला फिनिशिंग कारागीर यंत्रणा समजणारा असावा लागतो. कोणते पृष्ठ कशाला लागते, कुठे एक शतांश गेला तरी चालेल आणि कुठे नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. या कामाला निव्वळ सजावट म्हणणारे ही गोष्ट विसरतात.

झाकणारे आणि उघडे पाडणारे

फिनिशिंगचे प्रकार मोजत बसण्यापेक्षा त्यांची एक वेगळी विभागणी मला अधिक उपयुक्त वाटते. काही प्रकार पृष्ठाचे दोष झाकतात, काही ते उघडे पाडतात.

जिनिव्हा पट्टे म्हणून ओळखली जाणारी समांतर पट्ट्यांची नक्षी, मुख्य प्लेटेवरची वर्तुळांची पर्लाज, जुन्या इंग्लिश घड्याळांतला सोन्याचा मुलामा दिलेला दाणेदार खरबरीतपणा, ही सगळी झाकणाऱ्यांत मोडतात. रचनाच अशी असते की लहानसा ओरखडा नक्षीत हरवून जातो. पट्टे धूळ पकडतात म्हणून उपयोगी असेही म्हटले जाते. बंद केसमधल्या आधुनिक घड्याळाच्या बाबतीत मला हा युक्तिवाद दुबळा वाटतो. त्यांचे खरे काम मोठ्या सपाट पृष्ठाला एकसंध दिशा देण्याचे आहे, आणि ते यंत्रानेही छान होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या वॉल्थमसारख्या कारखान्यांनी यंत्राने केलेल्या नागमोडी नक्षीने घड्याळांचे अंतरंग भरून टाकले होते. नक्षीची समृद्धी हाताचा पुरावा होऊ शकत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले.

काळे पॉलिश, आतला कोपरा, फुगीर कड हे उघडे पाडणारे प्रकार. त्यांच्यात लपायला जागा नसते. म्हणून एखाद्या घड्याळाचा दर्जा ठरवताना पट्टे किती सुरेख आहेत याला मी कमी गुण देईन, आणि पट्टे कडेपाशी कसे संपतात याला जास्त. पट्ट्यांच्या रेघा तिरप्या कडेत घुसलेल्या असतील, तर नक्षी मागाहून घाईने मारली आहे हे उघड होते.

निळे स्क्रू या विभागणीत मध्ये कुठेतरी बसतात. पॉलिश केलेला पोलादी स्क्रू पितळेच्या किसाच्या थरावर ठेवून सावकाश तापवला की पृष्ठावर ऑक्साइडचा अतिपातळ थर येतो. थर जाड होत जातो तसे प्रकाशकिरणांच्या परस्पर मिलाफाने रंग बदलतात: गवती पिवळा, तपकिरी, जांभळा, आणि २९० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गडद निळा. काही क्षण जास्त झाले की रंग फिका, राखाडी निळा होतो आणि स्क्रू पुन्हा पॉलिश करावा लागतो. रंग दोष झाकत नाही; बोटाचा ठसा, अर्धवट पॉलिश, सगळे डागासारखे उमटते. रसायनाने किंवा रंगाने निळा केलेला स्क्रू मात्र सगळ्या कोनांतून एकसारखा निळा दिसतो. तापवून आलेला निळा काही कोनांत जवळजवळ काळा होतो.

हे काम इतके वर कसे आले

अठराव्या शतकात फिनिशिंग ही वेगळी ऐट नव्हती, उत्पादनाची पायरी होती. लँकेशरमधल्या प्रेस्कॉटला घड्याळांची कच्ची यंत्रणा बने आणि ती लंडनला जाऊन पुरी होई. व्हॅले द जूमध्ये शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात बर्फाने अडकली की कच्ची यंत्रणा करत, आणि जिनिव्हाचे कारागीर घरांच्या वरच्या मजल्यांवर, उजेडाशेजारी बसून ती पुरी करत. भाग एकमेकांच्या मापाचे नसत. प्रत्येक भाग त्याच्या शेजाऱ्याशी हाताने जुळवावा लागे. घासणे म्हणजेच बसवणे होते.

मोजमाप सुधारले तशी ही गरज कमी होऊ लागली. आंत्वान लकूल्त्र यांनी १८४४ मध्ये मायक्रॉनपर्यंत मोजणारे उपकरण केले. अमेरिकन कारखान्यांनी अदलाबदल करता येण्याजोगे भाग मोठ्या प्रमाणावर बनवले, आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते पाहून आलेल्या लोंजीन कंपनीच्या जाक दाव्हिद यांनी स्विस उद्योगाला खडबडून जागे करणारा अहवाल दिला. जुळवणीची गरज संपत आली; मग हाताने करायचे काय उरले? माझ्या मते याचे एक उत्तर जिनिव्हाने कायद्यातून दिले. ६ नोव्हेंबर १८८६ च्या कायद्याने जिनिव्हाचे नाव खोटेपणाने लावण्याला आळा घालण्यासाठी शिक्का सुरू केला, जो पुढे जिनिव्हा सील म्हणून ख्यात झाला. कालांतराने पक्क्या झालेल्या त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: पोलादी भागांच्या कडा तिरप्या व पॉलिश केलेल्या, उभ्या बाजूंवर ओढलेल्या रेषा, स्क्रूंच्या खाचांनाही मारलेली कड, चक्रांना वरून-खालून कड, पिनियनच्या दातांची तोंडे पॉलिश केलेली, तारेच्या स्प्रिंगा वर्ज्य. यांतल्या काही अटी थेट कामाच्या आहेत, काही सौंदर्याच्या, आणि कायदा त्यांच्यात भेद करत नाही. मला यात त्या काळाची प्रामाणिक समजूत दिसते: ज्याने न दिसणाऱ्या कडेची काळजी घेतली त्याने दिसणाऱ्या दाताचीही घेतली असणार. हा तर्क पूर्ण खरा नाही. म्हणूनच २०१२ पासून नव्या नियमांनुसार पूर्ण घड्याळाची चालही तपासतात. सात दिवसांत फरक एका मिनिटाच्या आत लागतो.

मग क्वार्ट्झ आले. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीला आणले आणि अचूकतेचा वाद कायमचा मिटला. १९७० मध्ये स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९०,००० माणसे होती. ऐंशीच्या दशकात ती तिसऱ्या हिश्शावर आली. जेन्शनची काठी कशी तासायची हे जाणणारे हात निवृत्त झाले, आणि हे ज्ञान पुस्तकात नव्हते, हातात होते. यांत्रिक घड्याळ परत उभे राहिले ते अचूकतेच्या बळावर नव्हे. मागच्या पारदर्शक झाकणातून दिसणाऱ्या अंतरंगाच्या बळावर ते उभे राहिले. फिनिशिंग केंद्रस्थानी आले ते इथे.

या टप्प्यावर ड्यूफूर यांचे महत्त्व आहे. १९४८ मध्ये जन्मलेल्या या व्हॅले द जूच्या घड्याळकाराने १९९२ मध्ये तास-पाव तास आपोआप वाजवणारे मनगटी घड्याळ दाखवले, आणि २००० मध्ये ‘सिम्प्लिसिटी’ हे तीन काट्यांचे साधे घड्याळ आणले. त्याचे सुमारे दोनशेच नग झाले. त्यात कोणतीही नवी यांत्रिक युक्ती नव्हती. खोऱ्यातल्या जुन्या, खिशातल्या घड्याळांचे फिनिशिंग त्यांनी जसेच्या तसे परत आणले, आणि विस्मरणात जात असलेला मापदंड लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवला. जपानमध्ये शिओजिरीच्या मायक्रो आर्टिस्ट स्टुडिओत ‘क्रेडोर एइची’ हे घड्याळ घडले तेव्हा तिथल्या कारागिरांना ड्यूफूर यांचा सल्ला मिळाला. पुढे त्यांनी रोबेर ग्रोबेल आणि स्टीफन फोर्सी यांच्यासह पॅरिसमधले घड्याळविद्येचे शिक्षक मिशेल बुलांजे यांना एक संपूर्ण घड्याळ जुन्या पद्धतीने, हाताने करायला शिकवले, ते हे कौशल्य शाळेतून पुढे जावे म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या यांत्रिक घड्याळकलेची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

‘हाताने’ म्हणजे किती?

आज जवळपास प्रत्येक महागडे घड्याळ ‘हाताने फिनिश केलेले’ असते. त्या शब्दांमागे फार वेगवेगळी कामे उभी असतात. फिरत्या ब्रशवर भाग हाताने धरला तरी तो हाताने केलेला ठरतो. यंत्राने पाडलेल्या कडेवरून एकदा पॉलिशची काठी फिरवली तरी ठरतो. आणि कानशीच्या पहिल्या घासापासून कोपऱ्याच्या शेवटच्या रेषेपर्यंत एका माणसाने केलेले कामही त्याच शब्दांत सांगितले जाते. यंत्राने कड पाडून हाताने पुरी करणे यात कमीपणा काही नाही, ती शहाणी विभागणी आहे. आक्षेप आहे तो फरक झाकण्याला.

या महागड्या घड्याळांच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण अनेक मराठी घरांत आहे. एच.एम.टी.ने सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि ‘जनता’सारखी चावीची घड्याळे वर्षानुवर्षे लोकांच्या मनगटांवर चालली. त्यांचे मागचे झाकण उघडले तर साधे, निकेलच्या रंगाचे ब्रिज दिसतात. पट्टे नाहीत, पॉलिश केलेली कड नाही. पण पिव्हटना ओप आहे, माणकाची छिद्रे गुळगुळीत आहेत. कामासाठीचे फिनिशिंग तिथे पुरे आहे. अशा घड्याळाला कनिष्ठ म्हणणे चूक आहे; ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि उलट, सिम्प्लिसिटीच्या कडांवर गेलेल्या तासांना वेळेच्या सेकंदांत मोजणेही तितकेच चूक आहे. तिथे जे साधले आहे ते धातूवरचे माणसाचे पूर्ण नियंत्रण आहे, आणि त्याचे मोल त्याच मापाने केले पाहिजे.

त्यासाठी लागते दहापट भिंग, एक दिवा आणि थोडा वेळ. घड्याळ दिव्याखाली सावकाश कलवा. कडेवरची प्रकाशाची रेघ तुटते का पाहा. आतला कोपरा शोधा. असेल तर त्याच्या तळाशी रेषा आहे की गोलाई हे पाहा, आणि नसेलच तर आराखड्यात तो का टाळला असेल याचा विचार करा. पोलादी भाग एकदम काळा होतो की त्यावरून लाट जाते ते पाहा. स्क्रूच्या खाचेची कड मारली आहे का पाहा. आणि विक्रेत्याला ‘हाताने केले आहे का’ असे विचारू नका, त्याचे उत्तर नेहमी हो असते. कोणता भाग, कोणती पायरी आणि कोणत्या हत्याराने, हे विचारा. घड्याळ करणाऱ्यांनीही ही माहिती भागागणिक जाहीर करावी. गिऱ्हाईक ज्या श्रमाचे पैसे देते तो श्रम नेमका कुठे झाला हे जाणण्याचा त्याला हक्क आहे, आणि ज्या कारागिराने कोपऱ्यात दिवस घालवला त्याचे काम ब्रशवर धरलेल्या भागाच्या रांगेत बसवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.